हात भरून येतो तेव्हा

हवाईयन गिटार वाजवणाऱ्याच्या डाव्या हाताला खरं तर काही कष्टच पडायला नकोत. साध्या गिटारीवर तार पट्टीला दाबून धरावी लागते, इथे तेही नाही. वाद्य मांडीवर आडवं, तारा पट्टीपासून चांगल्या उंच उचललेल्या, आणि त्यांच्यावर पोलादाचा गुळगुळीत रॉड ठेवून नुसता सरकवायचा. जाडजूड रॉड पाव किलोच्या आसपास भरतो. दाब काय द्यायचा तो त्याच्या वजनाने द्यावा, आपण फक्त त्याला नेऊन पोहोचवायचं. तरी तासाभरात अंगठ्याच्या मुळाशी काहीतरी आवळू लागतं, मधलं बोट आपणहून तळव्याकडे वळतं, आणि मग पेटका असा येतो की रॉड धरवतही नाही आणि सोडवतही नाही.

या दुखण्याशी माझी ओळख फार जुनी आहे. यमनवर जेवढा विचार मी केला नसेल तेवढा अंगठ्याच्या या मांसल उंचवट्यावर केला आहे.

ही गिटार मी खामगावात शिकले. खामगाव म्हटलं की बाहेरच्या लोकांना चांदी आठवते, पण गाव मोठं झालं ते कापसावर. जलंबहून खामगावला येणारा रेल्वेचा छोटा फाटा १८७० साली झाला तोही माणसांपेक्षा कापसाच्या गाठींच्या सोयीसाठी. आमचे गुरुजी एका जिनिंगमध्ये मुनीम होते. दिवसभर खतावण्या आणि रात्री ऑर्केस्ट्रा. गणपती, नवरात्र, लग्नाची रिसेप्शनं असं सगळं ते वाजवत. त्यांची गिटार कलकत्त्याहून आली होती आणि शिकवणी बव्हंशी रेडिओवरून. विविध भारतीवर दोन कार्यक्रमांच्या मधल्या फटीत सिनेमाच्या गाण्यांच्या धुना लागायच्या. व्हॅन शिपले, हजारा सिंग, सुनील गांगुली, काझी अनिरुद्ध. निवेदक पुष्कळदा नावही सांगत नसे, पण तो लांबत जाणारा, किंचित रडवेला सूर लागला की गुरुजी हातातला घास हातात ठेवून ऐकत बसत.

आमच्याकडे तेव्हा पेटी सोडून मुलीने दुसरं काही शिकावं याचं लोकांना नवल वाटे. बंगालमध्ये मात्र घरोघरच्या मुली हे वाद्य मांडीवर घेऊन बसत. कलकत्त्याला त्याचं वेड लागलं त्याचं बरंचसं श्रेय हवाई बेटांवरून आलेल्या टाऊ मो आणि त्याच्या कुटुंबाला जातं. चाळीसच्या दशकात ते कलकत्त्यात मुक्कामाला होते. त्याच्याही मागे गेलं तर ओआहू बेटावरचा जोसेफ केकुकू. गिटारीच्या तारांवर लोखंड फिरवण्याची ही युक्ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्याने शाळकरी वयात रूढ केली असं मानतात. मौज म्हणजे काही जुन्या नोंदी याच श्रेयासाठी गॅब्रिएल डेव्हियन या भारतात जन्मलेल्या माणसाचंही नाव घेतात. ते खरं असेल नसेल. पण काचेचा गोळा फिरवून वाजवायची विचित्रवीणा आणि दक्षिणेतली चित्रवीणा डोळ्यांसमोर आणली की हे वाद्य आपल्याला इतकं जवळचं का वाटलं याचं कोडं पडत नाही. आपल्याला मींड हवी असते, आणि पडद्यापडद्यांच्या वाद्यावर ती तार ओढून मिळवावी लागते. इथे ती रॉड ठेवल्याठेवल्या हजर.

ब्रिजभूषण काब्रा यांनी हे ओळखलं. जोधपूरचा हा माणूस शिकलेला भूगर्भशास्त्र. गाठ पडली ती हवाईयन गिटारीशी, आणि तालीम मिळाली ती उस्ताद अली अकबर खाँसाहेबांच्या सरोदाची. १९६७ च्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’मध्ये शिवकुमार शर्मांचं संतूर आणि हरिप्रसाद चौरसियांची बासरी यांच्याबरोबर त्यांची गिटार आहे, आणि माझं स्पष्ट मत असं की त्या ध्वनिमुद्रिकेतलं सगळ्यात कमी गाजलेलं आणि सगळ्यात चांगलं वाजलेलं वाद्य तेच. पुढे विश्वमोहन भट्टांनी त्यात तरफा बसवल्या, मोहनवीणा केली, १९९४ मध्ये ग्रॅमीही आणलं. पण काब्रांचा आलाप ऐकताना मला अजूनही पहिल्यांदा सूर ऐकू येत नाही, हात दिसतो. इतका संथ रॉड इतका वेळ धरायचा म्हणजे त्या अंगठ्याचं काय होत असेल?

रॉड धरायची रीत सांगायला सोपी आहे. अंगठा एका बाजूला, मधलं बोट दुसऱ्या बाजूला, तर्जनी वरून टेकलेली, अनामिका आणि करंगळी मागे तारांवर लोळत आलेल्या, नको ते नाद मिटवत. यात जोर लावायची जागाच नाही. मग जोर येतो कुठून?

येतो तो भीतीतून. हवाईयन गिटारीच्या पट्टीवर पडदे नसतात, असतात फक्त आखलेल्या रेघा. रॉड रेघेच्या नेमका वर आणि तिला समांतर असेल तर सूर. केसभर पुढे गेला की सूर चढला, मागे राहिला की उतरला, तिरपा झाला की एक तार सुरात आणि दुसरी बेसूर. पेटी वाजवणाऱ्याने पट्टी कुठेही दाबली तरी तिचा सूर ठरलेलाच येतो. हे सुख आम्हाला नाही. प्रत्येक सूर नव्याने शोधायचा आणि तोही चारचौघांत. म्हणून हात रॉडला चिकटतो. तो पडेल म्हणून नव्हे, चुकेल म्हणून. आवळल्याने नेम सुधारत नाही, उलट बिघडतो. रॉड जरा मागेपुढे झुलवून जो कंप काढायचा तो आवळलेल्या हातातून ताठ आणि घाईचा निघतो. हे सगळं डोक्याला कळतं. हाताला कळत नाही.

गुरुजींनी मला पहिल्या दिवसांत जे शिकवलं ते कोणत्या पुस्तकात मला पुढे दिसलं नाही. मांडीवर पंच्याची चौघडी ठेवायची, तिच्यावर हात धरायचा आणि रॉड मुद्दाम पाडायचा. पुन्हा उचलायचा, पुन्हा पाडायचा. मी बावरून जास्तच घट्ट धरायची. ते घाटाखालचे, त्यांची वऱ्हाडी शाळेत आणि जिनिंगमध्ये घासूनही गेली नव्हती. “पोरी, इतकं आवळून कायले धरतं? पळून चाल्लं काय थे?” आणि पडला की, “पडलं तं पडलं. लोखंड हाय, फुटते काय?” मग म्हणत की तुझ्या आईचा हात पाहा, ज्वारीची भाकरी थापताना ती पीठ दाबत नाही, फिरवते. मी आईला सांगितलं तर ती म्हणाली, त्यांना सांग, मनगट माझंही दुखतं.

ते एवढं बोलू शकत होते, कारण लेखणीने त्यांचं आधीच शिक्षण केलं होतं. मुनिमाचा हात. खतावणीत खाडाखोड चालत नाही, आकडा चुकला तर रात्री मेळ लागत नाही, आणि मेळ लागला नाही तर घरी जाता येत नाही. त्यांच्या उजव्या हाताला पेटके गिटारीने आले नव्हते, पेनाने आले होते.

पुष्कळ वर्षांनी बर्नार्दिनो रामाझ्झिनी या इटालियन वैद्याबद्दल वाचलं तेव्हा मला गुरुजीच दिसले. कारागिरांच्या आजारांवरच्या आपल्या ग्रंथाला १७१३ साली जोडलेल्या भागात त्याने लेखनिक आणि कारकून यांच्या दुखण्याची कारणं दिली आहेत. सतत बसून राहणं, हाताची एकाच तऱ्हेची न थांबणारी हालचाल, आणि वहीत चूक होऊ नये म्हणून मनावर असलेला ताण. तिसरं कारण तीनशे वर्षांपूर्वी लिहून ठेवणाऱ्या माणसाला माझा नमस्कार. त्याने एका लेखनिकाची हकीकत दिली आहे. उजवा हात निकामी झाला म्हणून त्याने डाव्याने लिहायचा सराव केला, तर थोड्याच काळात डाव्यानेही तेच दुखणं धरलं. म्हणजे हात बदलला, माणूस तोच राहिला.

यात थोडं वैद्यकही आहे, आणि ते कळल्यावर माझं अर्धं तेल वाचलं. आपण पेटका आला की बोटं चोळत बसतो. पण बोटांत स्नायूंचं मांस जवळजवळ नसतंच. त्यांना वळवणारे मोठे स्नायू कोपराखाली, पुढच्या हातात असतात आणि तिथून निघालेल्या कंडरा मनगटातल्या अरुंद वाटेने बोटांपर्यंत पोहोचतात. अंगठ्याचा उंचवटा आणि बोटांना बाजूला हलवणारे लहान स्नायू तेवढे तळव्यात. म्हणून चोळायचं ते कोपर आणि मनगट यांच्या मधलं आणि अंगठ्याचं मूळ. आलेला पेटका सोडवायचा तर हिसका द्यायचा नाही. रॉड खाली ठेवायचा, दुसऱ्या हाताने बोटं हळूहळू सरळ करायची, तळवा मांडीवर पालथा टेकून वजन देत राहायचं. आखडलेल्या स्नायूला लांब केलं की तो सुटतो, हा बहुतेक वेळा लागू पडणारा एकच इलाज. नंतर कोमट पाण्यात हात.

पेटका का येतो यावर शास्त्रज्ञांचंही अजून एकमत नाही. घामाबरोबर पाणी आणि क्षार जातात म्हणून, असं एक जुनं मत. थकलेल्या स्नायूला मज्जातंतूंकडून थांबायचा निरोप नीट मिळत नाही आणि आकुंचनाचा मिळतच राहतो, म्हणून, असं दुसरं. बुलढाणा जिल्ह्यात राहणाऱ्याला दोन्ही पटतात. मलकापूर-नांदुऱ्याकडे एप्रिलमध्ये भर दुपारी वाजवायला बसून पाहा, पहिलं मत पटेल. मीठ-साखर घातलेलं लिंबाचं सरबत घेऊन बसावं लागतं आणि रॉड घामाने निसटतो, तो निसटू नये म्हणून पुन्हा आवळणं आलंच. घाटावर बुलढाण्याला हिवाळ्यात सकाळी बसलं तर उलटं. रॉड बर्फाचा, बोटं लाकडाची. मी तेव्हा रॉड आधी उन्हात ठेवते आणि पहिली दहा मिनिटं लांब, सावकाश सुरांशिवाय काही वाजवत नाही.

बाकी कारणं क्षुल्लक वाटतात पण तीच जास्त छळतात. खुर्ची बुटकी असली की गुडघे वर येतात, त्यांच्याबरोबर गिटार वर येते, गिटारीबरोबर खांदे. खांदा कानाजवळ गेला की पेटका तिथूनच निघाला म्हणून समजा. हाताच्या मानाने रॉड फार बारीक असला तर चिमटीत धरावा लागतो. कडेला खाच असलेला रॉड बोटांना आधार देतो. उजव्या हाताची कुणी चौकशी करत नाही, पण तर्जनी-मध्यमेवरच्या धातूच्या नख्या घट्ट असल्या तर बोटांची टोकं निळी पडतात. अंगठ्याची प्लॅस्टिकची नखी गरम पाण्यात बुडवून हवी तशी वाकवून घेता येते. हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

आणि काही गोष्टी गिटारीच्या नव्हेतच. मधुमेहात बोट अडकून खटकन सुटणं किंवा मनगटातली नस दाबली जाणं इतरांपेक्षा जास्त आढळतं. लघवी वाढवणाऱ्या काही गोळ्या, कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्या यांनीही पेटके येतात. हाताला रात्री झोप मोडेल इतक्या मुंग्या येत असतील, वस्तू हातून पडू लागल्या असतील, तर ते रियाजाचं दुखणं नव्हे, डॉक्टरकडे जावं. एक प्रकार तर असा आहे की दुखत काहीच नाही, इतर सगळी कामं हात करतो, फक्त वाद्यावर ठेवला की बोटं वळतात. अमेरिकन पियानोवादक लिऑन फ्लायशर यांच्या उजव्या हाताचं १९६४ च्या सुमारास असंच झालं. पुढची जवळजवळ तीस वर्षं ते डाव्या हातासाठी लिहिलेलं संगीत वाजवत राहिले. शिकवत राहिले. हा बिघाड हाताचा नसतो, मेंदूतल्या हाताच्या नकाशाचा असतो. जिद्दीने जास्त रियाज केला की तो वाढतो. आपल्याकडे जिद्दीचं फार कौतुक आहे, म्हणून हे मुद्दाम लिहिते.

आता थोडं बाजूला जाते. दिवाळीच्या पुढेमागे आमच्याकडे कापसाची वेचणी सुरू होते. वेचणाऱ्या बहुतेक बायका. कमरेला ओटी बांधून पऱ्हाटीच्या ओळीतून वाकून चालायचं, फुटलेल्या बोंडातून तीन बोटांनी कापूस ओढायचा, आणि वाळलेल्या बोंडाची टोकं नखांच्या कडेला टोचत राहतात. मजुरी किलोवर. रॉड धरायला जी बोटं लागतात जवळजवळ तीच बोटं. तिथे कुणी तळवा पालथा टेकून बसत नाही, कारण जेवढा वेळ बसली तेवढा कापूस कमी. मी माझ्या पेटक्याचं कौतुक सांगत होते तेव्हा आमच्या शेतावर येणारी एक बाई म्हणाली, “आमचा हात भरते, पण थांबून सांगाव कोनाले?” मग तिने माझा रॉड हातात घेऊन पाहिला. जड आहे म्हणाली आणि परत दिला.

हाताच्या पेटक्याला भरपाई मिळते हे तिला सांगितलं असतं तर ती हसली असती. ब्रिटनमध्ये १९०८ साली तारमास्तरांच्या पेटक्याचा भरपाई मिळणाऱ्या कामगार-आजारांत समावेश झाला होता. टकटक करून मनगट गेलं तर ते कामाने गेलं, एवढं तिथल्या कायद्याने मान्य केलं. वेचणीवाल्या बाईच्या बोटांविषयी असं काही मान्य व्हायचं आहे.

थांबण्याची सोय ज्याने आधीच करून ठेवली असं एकच वाद्य मी पाहिलं आहे, आणि ते गिटार नव्हे. शेगावच्या परिसरातल्या कुठल्याही गावात अखंड हरिनाम सप्ताह बसला की वीणा उभी राहते. सप्ताहभर ती खाली ठेवायची नाही, रात्रीही नाही. पण ती एकट्याच्या गळ्यात राहत नाही. पहारे ठरलेले असतात. वेळ झाली की पुढचा माणूस येतो, पाया पडतो, वीणा आपल्या गळ्यात घेतो, आणि उतरलेला पहारेकरी खांदा चोळत मंडपाबाहेर जातो. तो दमला म्हणून कुणी त्याला कमी लेखत नाही. दमणं धरूनच हिशोब केलेला असतो. वीणा अखंड, हात खंडित. मी लहानपणी हे भक्ती म्हणून पाहत होते. आता रियाजाला बसताना मला ते फार हुशार माणसांनी केलेलं वेळापत्रक वाटतं. एकट्याने वाजवणाऱ्याला पुढचा पहारेकरी नसतो, म्हणून त्याला घड्याळ लावावं लागतं. मी लावते. वीस-पंचवीस मिनिटांनी ते वाजतं आणि दुखत असो नसो, रॉड खाली.

रविवारी मात्र घड्याळ नसतं, कारण तबल्याला शेजारचे सर येतात. गणिताचे निवृत्त मास्तर. बुलढाण्यातले माझे जुने स्नेही. ठेका स्वच्छ, बोलणं कमी. मागच्या हिवाळ्यात एकदा दरबारी विलंबितात लागली होती, आणि दरबारीतला गंधार रॉडवर जसा डोलवता येतो तसा दुसऱ्या फारशा वाद्यांवर येत नाही, त्यामुळे मी थांबायला तयार नव्हते. अंगठा ओरडत होता तरी पुढे जात राहिले आणि शेवटी बोट वळायला लागलं तेव्हा कुठे सम गाठून रॉड ठेवला. पाहते तर सरांनी दोन्ही हात बगलेत धरले होते.

“सर, काय झालं?”

“काही नाही. हात भरलेत मघाचेच.”

“मग सांगायचं नाही का?”

“साथीदारानं आधी कसं थांबायचं, ताई?” ते म्हणाले, आणि चष्मा पुसायला लागले. त्यांची बोटं वळत नव्हती म्हणून तो मी पुसून दिला, तोही उजव्या हाताने.

तेव्हापासून आमचं ठरलंय. ज्याचा हात आधी भरेल त्याने नुसतं “चहा” म्हणायचं, मग समेपासून कितीही लांब असलो तरी चालेल. त्या हिवाळ्यात आम्ही बेसुमार चहा प्यालो. सरांच्या घरून तक्रार आली की ते रविवारी रात्री झोपत नाहीत, आता आम्ही कोरा चहा करतो.